वर्गणी नसलेलं वाचनालय चालतं कसं

अमेरिकेत मुलाबाळांकडे चार-सहा महिने राहायला आलेल्या मराठी आई-वडिलांना काउंटीच्या ग्रंथालयात नेलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. अनामत नाही, मासिक वर्गणी नाही, एका वेळी वीस-तीस पुस्तकं नेली तरी कुणी हटकत नाही. वर लहान मुलांसाठी गोष्टींचा तास आणि ज्येष्ठांसाठी संगणकाची शिकवणी. सगळं फुकट. मग यांना परवडतं कसं? विचारणाऱ्याने गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर काम केलेलं असेल, तर त्या प्रश्नात वर्गणी वसूल करताना झिजवलेल्या चपलाही असतात. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. पुस्तकं कशी निवडतात, कार्यक्रम कशासाठी करतात, आलेली माणसं का मोजतात, या सगळ्याचा उलगडा त्याच्या उत्तरात होतो.

काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग. आपल्याकडच्या जिल्ह्याच्या जागी असला, तरी वस्तीने पुष्कळदा तालुक्याहूनही लहान. देशभरात अशा ३,१०० हून अधिक काउंट्या आहेत. लॉस एंजेलिससारख्या काउंटीत कोटीच्या आसपास माणसं राहतात, तर शेतीवर जगणाऱ्या राज्यांत वीस-तीस हजार वस्तीच्या काउंट्या सर्रास दिसतात. इथे बोलायचं आहे ते अशा लहान काउंटीच्या ग्रंथालयाबद्दल. मुख्य गावात एक इमारत, लांबच्या वस्तीत एखाददुसरी शाखा, जमलं तर एक फिरती गाडी, आणि हे सगळं ओढणारी दहाबारा माणसं. त्यातली निम्मी अर्धवेळ.

करातून चालणारं, सर्वांना मोफत असं सार्वजनिक ग्रंथालय न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावाने १८३३ साली सुरू केलं. पुढे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी देशात १,६०० हून अधिक ग्रंथालयांच्या इमारती बांधून दिल्या. त्यांची एक अट होती. इमारतीला जेवढे पैसे मी देईन, त्याच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी करातून चालवण्यासाठी काढायची. पुस्तकं आणि पगार हा गावाचाच भार. देणगीवर इमारत उभी राहते, चालतं ते नेमाने येणाऱ्या पैशावर, हे त्या व्यापाऱ्याने नेमकं ओळखलं होतं.

गावातल्या माणसाची सोय अशी झाली, पण शेतावर राहणाऱ्याचं काय? मेरीलँड राज्यातल्या वॉशिंग्टन काउंटीच्या ग्रंथालयात मेरी टिटकोंब नावाच्या ग्रंथपाल होत्या. त्यांनी आधी दुकानांत आणि टपाल कचेऱ्यांत पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या. तेवढ्याने भागेना, तेव्हा १९०५ साली त्यांनी घोडागाडीवर पुस्तकं लादून शेतकऱ्यांच्या दारात पाठवायला सुरुवात केली. काळ्या रंगाची ती गाडी पाहून एका शेतकऱ्याला वाटलं की प्रेतं नेणारी गाडी आली. इथे थांबू नका म्हणाला. मग टिटकोंबबाईंनी गाडीची चाकं आणि दारं लालभडक रंगवून घेतली. अमेरिकेतल्या फिरत्या ग्रंथालयांची परंपरा इथून सांगतात.

या कल्पनेचा आपल्याशी थेट धागा आहे. सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले होते. तिथली ग्रंथालयं त्यांच्या मनात भरली, आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय आणि खेड्यापाड्यांत जाणाऱ्या ग्रंथपेट्या यांची घडी त्यांनी बसवून दिली. बडोद्याची पद्धतही कार्नेगींच्या अटीच्या जवळची होती. गावाने ठरावीक रक्कम उभी केली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घाली आणि तेवढीच सरकार.

आता मूळ प्रश्न, पैशाचा. सार्वजनिक ग्रंथालयांच्या उत्पन्नात शंभरातले ऐंशीहून जास्त डॉलर स्थानिक करातून येतात. राज्य सरकारचा वाटा लहान. ओहायोसारखी राज्यं याला अपवाद, तिथे राज्याच्या तिजोरीतून मोठा हिस्सा मिळतो. केंद्राचा वाटा शंभरात एक डॉलरही नसतो. तरी तो लहान ग्रंथालयांना जाणवतो, कारण आंतरग्रंथालयीन देवघेव किंवा ई-पुस्तकांचा सामाईक साठा अशा गोष्टी राज्य पातळीवर त्याच पैशातून चालतात. खेड्यांतल्या ग्रंथालयांसाठी केंद्राने १९५६ साली पहिला कायदा केला. आज हे काम पाहणारी केंद्रीय संस्था १९९६ सालची. ती जवळजवळ गुंडाळण्याचा आदेश २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी काढला आणि एकवीस राज्यं त्याविरुद्ध न्यायालयात गेली, यावरून त्या शंभरातल्या एका डॉलरहून कमी रकमेची किंमत कळावी.

स्थानिक कर म्हणजे मुख्यतः घरपट्टी. पुष्कळ राज्यांत तिचा दर ‘मिल’मध्ये सांगतात. एक मिल म्हणजे करपात्र किमतीच्या दर हजार डॉलरमागे एक डॉलर. समजा घराची करपात्र किंमत दीड लाख डॉलर धरली आणि ग्रंथालयासाठी एक मिल मंजूर असला, तर त्या घराकडून वर्षाला १५० डॉलर ग्रंथालयाला जातात. घरातलं कुणी वर्षभर तिथे फिरकलं नाही तरीही. वर्गणी आहेच, फक्त ती घरपट्टीच्या पावतीत आहे.

आणि हा कर पुष्कळ ठिकाणी कायमचा नसतो. पाच, सहा, दहा वर्षांची मुदत असते आणि मुदत संपली की प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो. लोकांनी ‘नको’ म्हटलं की पैसा थांबला. मिशिगनमधल्या जेम्सटाउन टाउनशिपचं पॅटमॉस ग्रंथालय हे याचं ताजं उदाहरण. समलैंगिक पात्रं असलेल्या काही पुस्तकांवरून तिथे वाद पेटला आणि २०२२ मध्ये मतदारांनी ग्रंथालयाचा कर दोनदा फेटाळला. खर्चाचा बहुतेक भाग त्यावरच चालत होता. बाहेरून देणग्या आल्या, दारं बंद झाली नाहीत, पण गाडी मार्गावर आली ती २०२३ च्या नोव्हेंबरात कर मंजूर झाल्यावर.

इथे एक नियम ध्यानात घ्यायला हवा. बहुतेक राज्यांत सार्वजनिक पैशातून प्रचार करता येत नाही. कर किती, कशावर खर्च होणार, मंजूर न झाल्यास काय बंद पडेल, एवढं कर्मचारी कामाच्या वेळेत सांगू शकतात. ‘होय म्हणा’ असं म्हणू शकत नाहीत. ते काम नागरिकांच्या समितीचं, आणि त्यात ‘ग्रंथालयाचे मित्र’ म्हणवणाऱ्या मंडळींचा हात मोठा असतो. ही स्वतंत्र संस्था असते, बहुधा निवृत्त माणसांची. एरवी वर्षभर जुन्या पुस्तकांची विक्री करून ती कार्यक्रमांसाठी पैसे उभे करते.

कारभाराचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एकात ग्रंथालय हे काउंटी सरकारचं एक खातं असतं, रस्ते आणि आरोग्य यांच्यासारखंच. अंदाजपत्रकाच्या वेळी त्याला रस्त्यांशी झगडावं लागतं. दुसऱ्यात ग्रंथालयाचा स्वतंत्र जिल्हा असतो, त्याला स्वतःचा कर मागण्याचा अधिकार असतो आणि निवडलेलं किंवा नेमलेलं विश्वस्त मंडळ असतं. पाच-सात विश्वस्त, मानधन बहुधा नाही. संचालक नेमणं, अंदाजपत्रक मंजूर करणं आणि धोरणं लिहून ठेवणं ही त्यांची कामं. कोणतं पुस्तक घ्यायचं हे एकेक करून ठरवणं हे त्यांचं काम नव्हे. एखाद्या पुस्तकाला हरकत आली तर काय करायचं, याची पद्धत आधीच लिहिलेली असावी लागते. भांडण सुरू झाल्यावर नियम लिहायला बसलं की तो नियम कुणालाच पटत नाही.

पहिल्या प्रकारात काय धोका असतो ते टेक्सासमधल्या लानो काउंटीत दिसलं. काही पुस्तकं काढून टाकल्यावर नागरिक न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी ती परत ठेवायला सांगितलं, तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये काउंटीच्या आयुक्तांनी सगळी ग्रंथालयंच बंद करण्याचा विषय बैठकीत घेतला. ती बंद झाली नाहीत. पण २०२५ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. कुठली पुस्तकं ठेवायची हे सरकारचं स्वतःचं बोलणं आहे, असं बहुमतातल्या काही न्यायमूर्तींचं म्हणणं. मला हा निकाल चिंतेचा वाटतो. ज्यांच्या घरपट्टीतून पुस्तकं आली, त्यांना ती काढल्याबद्दल दाद मागण्याची वाटच त्याने अरुंद झाली.

आता पुस्तकांकडे येऊ. लहान ग्रंथालयात खरेदी करणारी व्यक्ती एकच असते आणि तीच देवघेवीच्या टेबलावर बसते. परीक्षणं छापणारी व्यावसायिक नियतकालिकं चाळायची, वाचकांच्या मागण्या पाहायच्या, एका पुस्तकामागे किती जण रांगेत आहेत ते पाहून दुसरी प्रत घ्यायची की नाही ते ठरवायचं. पुस्तक घाऊक विक्रेत्याकडून आवेष्टन चढवून, चिकटपट्टी लावून, सूचीतल्या नोंदीसह येतं. १८२८ पासून चालत आलेली बेकर अँड टेलर ही अशीच जुनी पेढी. ती २०२५ च्या शरद ऋतूत बंद व्हायला निघाली आणि आवेष्टन चढवणारी, नोंदी करणारी माणसं नसलेल्या लहान ग्रंथालयांची धावपळ उडाली.

खरेदीइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे छाटणी, आणि आपल्या माणसांना पटायला जड जातं ते हेच. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसं, पुस्तक काढून टाकायचं म्हटलं की पोटात तुटतं. पण मधुमेहावरचं वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक कपाटात ठेवणं धोक्याचं आहे, कुणीतरी त्यावर विसंबून औषध बदलेल. टेक्सासच्या राज्य ग्रंथालयाने यासाठी बांधून दिलेली कसोटी देशभर वापरतात. माहिती दिशाभूल करणारी झाली आहे का, प्रत फाटली-मळली आहे का, सुधारित आवृत्ती निघाली आहे का, पुस्तकात काही कस आहे का, इथल्या वाचकांना त्याचा उपयोग आहे का, दुसरीकडून मागवता येईल का. शेवटचा प्रश्न कळीचा आहे. लहान ग्रंथालय हे साठवणुकीचं ठिकाण नव्हे, साठवण्याचं काम विद्यापीठांचं. कपाटात श्वास घ्यायला जागा झाली की उरलेली पुस्तकं जास्त वाचली जातात, हे टेबलावर काम करणारं कुणीही सांगेल.

ई-पुस्तकांचा हिशोब मात्र उलटाच आहे, आणि तो वाचकांना सहसा माहीत नसतो. छापील पुस्तक एकदा विकत घेतलं की ते ग्रंथालयाचं झालं. ते कितीही वेळा द्या, झिजलं की विकून टाका. अमेरिकेत हा हक्क १९०८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पक्का आहे. ई-पुस्तक ग्रंथालय विकत घेतच नाही, ते परवान्यावर घेतं. मोठे प्रकाशक तो परवाना बहुधा दोन वर्षांसाठी देतात. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये २६ वेळा दिलं की परवाना संपला असा नियम आणला. तुम्हाआम्हाला जे ई-पुस्तक पंधराएक डॉलरला मिळतं, त्याच्या दोन वर्षांच्या परवान्याला ग्रंथालयाला पन्नास-साठ डॉलर पडू शकतात. आणि एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. चौदा दिवसांची मुदत धरली तर एक क्षणही वाया न घालवता दोन वर्षांत फार तर बावन्न जणांना ते मिळेल. म्हणून ‘लिबी’ या ॲपवर लोकप्रिय कादंबरीसाठी तीन-तीन महिने थांबावं लागतं. रांग कमी करायला सहा परवाने घेतले तर तीनशेहून जास्त डॉलर गेले, आणि दोन वर्षांनी हातात काहीच नाही. तेवढ्या पैशात मुलांची पंधरावीस छापील पुस्तकं आली असती. हा व्यवहार मला सरळ अन्यायाचा वाटतो. लहान ग्रंथालयं एकत्र येऊन सामाईक साठा घेतात तो याचसाठी.

मग एवढ्या ओढाताणीत कार्यक्रमांवर वेळ कशाला घालवायचा? पुस्तकं द्या, घ्या, पुरे झालं, असं म्हणणारे करदाते आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. उत्तर शोधायला गोष्टींच्या तासाला जाऊन बसावं.

तीन ते पाच वर्षांची दहाबारा मुलं, त्यांच्या आया, बाबा, आज्या. अर्धा तास. बालविभागाची ग्रंथपाल दोन-तीन चित्रपुस्तकं वाचते, मधे बोटांच्या हालचालींसह गाणं, पुन्हा तेच गाणं, मग थोडं चित्र काढणं. वरवर पाहता करमणूक. पण तिची आखणी पाच गोष्टींवर असते: मुलांशी बोलणं, गाणं, वाचणं, लिहिणं, खेळणं. वाचायला शिकण्याआधी मुलाच्या कानावर शब्द पडावे लागतात, गाण्यामुळे शब्दाचे तुकडे कानाला कळतात, बोटाने ओळ दाखवली की अक्षरं कुठून कुठे जातात हे कळतं. आपल्या आज्या ‘अडगुलं मडगुलं’ म्हणत होत्या, त्याचंही काम हेच. आणि खरा विद्यार्थी मांडीवरचं मूल नसतं, ज्याच्या मांडीवर ते बसलंय तो मोठा माणूस असतो. आठवड्यात अर्ध्या तासाने काही होत नाही. तो माणूस घरी जाऊन तसंच वाचायला लागला तर होतं. म्हणून ग्रंथपाल मधेच थांबून पालकांना सांगते की आता मी असं का केलं. नंतर खेळणी काढून ठेवतात, मुलं खेळतात आणि आया आपापसांत बोलतात. नव्या गावात आलेल्या, दिवसभर बाळाबरोबर एकट्या असलेल्या बाईची पहिली मैत्रीण इथे भेटते. कितीतरी मराठी घरांतून हा अनुभव ऐकला आहे.

उन्हाळी वाचन हा वर्षातला सगळ्यात मोठा उपक्रम. शाळेला अडीच महिने सुट्टी, आणि ज्या घरात पुस्तकं नाहीत तिथल्या मुलांचं वाचन तेवढ्यात मागे पडायची भीती असते. मुलांनी वाचलेल्या मिनिटांची नोंद ठेवायची, टप्प्याटप्प्याने बक्षीस म्हणून पुस्तक न्यायचं, दर आठवड्याला जादूगार, सापवाला, विज्ञानाचे प्रयोग असं काहीतरी. काही ठिकाणी त्याच वेळी मोफत दुपारचं जेवणही देतात, कारण शाळा बंद म्हणजे शाळेतलं जेवणही बंद.

मोठ्यांसाठीचे कार्यक्रम गावाच्या गरजेप्रमाणे ठरतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत स्वयंसेवक टेबल मांडून बसतात आणि कमी उत्पन्नाच्या लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देतात. नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी, इंग्रजी संभाषणाचा गट, बियाणांची देवघेव. काही लहान ग्रंथालयं केकची भांडीसुद्धा उसनी देतात, मुलाच्या वाढदिवसाला एकदाच लागणारं भांडं विकत कशाला घ्यायचं. काउंटी सरकारचा भाग असलेल्या काही ग्रंथालयांत पासपोर्टचे अर्ज घेतात. दर अर्जामागे ३५ डॉलर शुल्क मिळतं, आणि लहान ग्रंथालयात त्यातून बालविभागाची वर्षाची खरेदी निघू शकते. इंटरनेटच्या बिलावर १९९६ च्या दूरसंचार कायद्यामुळे वीस ते नव्वद टक्के सवलत मिळते, जितका गरीब भाग तितकी जास्त. ग्रंथालय बंद झाल्यावरही वायफाय चालू ठेवण्याची पद्धत आहे, बाहेर गाडीत बसून मुलं गृहपाठ पाठवतात.

या सगळ्याची मोजदाद होते. दाराशी यंत्र येणारी माणसं मोजतं, प्रत्येक कार्यक्रमाला किती मुलं, किती मोठी माणसं आली ते लिहितात. हे आकडे राज्याकडे आणि तिथून देशाच्या वार्षिक पाहणीत जातात, राज्याचं अनुदान त्यावर अडकलेलं असतं. पण संचालकाला ते आकडे खरे लागतात ते काउंटीच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत आणि कराच्या मतदानाच्या वर्षी. पुस्तक न वाचणाराही मत देतो, आणि त्याची नात गोष्टींच्या तासाला येत असेल किंवा त्याचं विवरणपत्र इथे भरलं गेलं असेल, तर ग्रंथालय त्याच्याही मालकीचं आहे हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. उशिराचा दंड अनेक ठिकाणी रद्द झाला तोही याच विचाराने. दंडातून येणारी रक्कम किरकोळ, आणि त्यापायी गरीब घरची मुलं मात्र पुस्तक नेणंच सोडून देतात.

आकडे मोजतात, पण कोण काय वाचतं ते मात्र जपतात. वाचकाची नोंद गुप्त ठेवण्याची तरतूद जवळजवळ सर्व राज्यांत आहे आणि पुस्तक परत आलं की वाचकाशी असलेला त्याचा धागा संगणकात बहुधा पुसला जातो. २००५ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणेने कनेक्टिकटमधल्या ग्रंथालयांकडे एका संगणकाच्या वापराची माहिती मागितली, बाहेर वाच्यता करू नका असं बजावून. चार ग्रंथपालांनी न्यायालयात जाऊन ते लढवलं आणि यंत्रणेने शेवटी मागणी मागे घेतली.

आपल्याकडची रचना वेगळी आहे. मद्रासने १९४८ च्या आणि कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी घरपट्टीवर उपकर ठेवला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तो नाही. इथे लोकांनी काढलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन राज्य अनुदान देतं, आणि उरलेलं वर्गणीतून व देणगीतून भागवायचं. गावोगाव वाचनालयं उभी राहिली ती लोकांच्या जिद्दीवर, पण अनुदान उशिरा आलं की ग्रंथपालाचा पगार थांबतो, आणि तो ज्याच्याकडे मागावा तो मतदार समोर नसतो.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी एक उपयोगाची गोष्ट. लायब्ररी ऑफ काँग्रेसची दिल्ली कचेरी १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घेते आहे. सुरुवातीला हे पैसे पीएल-४८० करारातले होते. भारताने अमेरिकी गव्हाची किंमत रुपयांत दिली, त्या रुपयांतले काही पुस्तकांवर खर्च झाले, आणि शिकागोसारख्या विद्यापीठांत मराठी पुस्तकांची कपाटं भरली. तुमच्या लहान काउंटीत एकही मराठी पुस्तक नसलं तरी आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरला की त्यातलं एखादं टपालाने येऊ शकतं. काही ठिकाणी टपालखर्च घेतात.

आणि स्थानिक ग्रंथालयात मराठी पुस्तकं हवी असतील तर घरातली जुनी खोकी नेऊन देऊ नयेत. ती बहुधा थेट विक्रीला जातात, कारण देवनागरी नोंदी करणारं कुणी नसतं. त्याऐवजी पाच-सहा घरांनी खरेदीच्या सूचनेचे अर्ज वेगवेगळे भरावेत, आणि मराठी-इंग्रजी गोष्टींच्या तासाचा प्रस्ताव घेऊन बालविभागाच्या ग्रंथपालाला भेटावं. कोण वाचणार, कोणती पुस्तकं, किती मुलं येतील, एवढं कागदावर असलं तर पुरतं. मात्र उन्हाळ्यात करायचं असेल तर हिवाळ्यातच जावं, वेळापत्रक कित्येक महिने आधी भरलेलं असतं.